दिव्याचा बिल्ला

१२ मे

आज परिचारिका दिन, आणि आजच आमचं दुकान उघडलं.

नोकरीत असताना ड्यूटी संपली की रिपोर्ट लिहायचा: कोणाला काय दिलं, कोणाचा ताप उतरला, पुढच्या सिस्टरनं कोणाकडं लक्ष ठेवायचं. रिटायर झाले आणि रिपोर्ट घ्यायला पुढची सिस्टर उरली नाही. सवय मात्र सुटत नाही, म्हणून हे लिहिणं.

सेवादीप परिचारिका मंडळाचं ऑफिस जालन्यात, सरकारी दवाखान्यासमोरच्या गल्लीत आहे. बाहेरच्या खोलीत मोडक्या खुर्च्या पडलेल्या असायच्या. ती खोली आम्ही रंगवून घेतली. मांडणीत पांढरे एप्रन, छातीला लावायची घड्याळं, छत्र्या, कप, पिशव्या, आणि काचेखाली बिल्ले. सगळ्यावर मंडळाचं चिन्ह, ओंजळीत धरलेला दिवा. दुकान सांभाळायचं काम मी मागून घेतलं.

याआधी मंडळाचं दुकान म्हणजे गिरिजाबाई मॅडमच्या टेबलाखालची लोखंडी पेटी. मॅडम आमच्या अध्यक्षा, रिटायर मेट्रन. परिचारिका म्हणून सरकारी नोंदणी झालेली नवी पोरगी आली की तिचं कार्ड मागायच्या, चष्मा पुसून अक्षरन्‌अक्षर वाचायच्या आणि मग पेटीतून बिल्ला काढून स्वतःच्या हातानं लावायच्या. मलाही त्यांनीच लावला. तेव्हा मी वीस-एकवीसची असेन. पिन टोचली तरी मी हलले नव्हते.

आज फीत कापून झाल्यावर त्यांनी मला बाजूला घेतलं. "प्रभावती, कप कोणालाबी विक, छत्री कोणालाबी विक. पण एप्रन अन्‌ बिल्ला कार्ड पाहिल्याबिगर द्यायचा न्हाई."

"मॅडम, जमाना बदलला आता."

"जमाना बदलला म्हून आजारी माणूस बदलला का?"

सगळ्या हसल्या. मला ते चारचौघींत बोललेलं आवडलं नाही.

लेकीला, दीपमालाला फोटो पाठवले. तिनं पाहिले. ड्यूटीवर असेल. पुण्याच्या त्या दवाखान्यात आयसीयूमध्ये मान वर करायला फुरसत नसते म्हणते.

६ जून

दुकानात बसून राहणं वॉर्डात बसण्यापेक्षा अवघड आहे. तिथं निदान कोणीतरी हाक मारायचं.

आज खासगी दवाखान्यातल्या दोघी पोरी आल्या, एप्रन अंगाला लावून पाहिले. कार्ड मागितलं तर म्हणाल्या, आमचे कागद मालकानं ठेवून घेतलेत, सोडून जाऊ नये म्हणून. खरंच आहे, ठेवतात. मी नियम सांगितला. एक जण जाताना म्हणाली, "मंडळ आमचं, अन्‌ आम्हालाच चोरासारखं!"

मॅडमला हे कोण सांगणार?

२२ जून

मीटिंगमध्ये मी बोलले. म्हणाले, हे दुकान आहे, पोलीस चौकी नाही. आपल्या पोरींना चिन्हाचा अभिमान वाटावा म्हणून काढलंय, लपवून ठेवायला नाही. सभासदानं ओळख दिली तर एप्रन-बिल्ला द्यावा. हात वर झाले ते बहुतेक माझ्या बाजूनं. मॅडमचा हात टेबलावरच राहिला.

घरी येऊन यांना सांगितलं. तातेराव माझे मालक, एसटीत कंडक्टर होते. पेपर वाचत म्हणाले, "पास बघितल्याबिगर आपुन कधी कोणाला बसू दिलं न्हाई बुवा."

"तुमची बस अन्‌ आमचं दुकान एक आहे का?"

जिंकले खरी, पण मॅडम जाताना मला "येते" म्हणाल्या नाहीत.

९ जुलै

आज एक गोड पोरगी आली. मोनाली नाव. परतूरजवळच्या आष्टीची. जालन्यात एका खासगी दवाखान्यात आहे, आणि सुटीच्या दिवशी परतूर, वाटूरकडच्या गावांत घरी जाऊन पेशंट बघते म्हणे. एप्रन हातात घेतला आणि आधी त्याचा वास घेतला. नव्या कापडाचा वास मलाही आवडायचा. आरशासमोर इतका वेळ उभी राहिली की मला हसू आलं.

"कार्ड?"

"रिन्यूअलला मुंबईला गेलंय, मॅडम."

माझंही एकदा असंच सहा-सात महिने अडकलं होतं. म्हटलं, माझी ओळख समज. बिल्ला मीच लावून दिला. हात जोडून उभी राहिली, डोळ्यांत पाणी. आजकालच्या पोरींना कुठं एवढं वाटतं त्या बिल्ल्याचं?

२६ जुलै

मोनाली तिसऱ्यांदा येऊन गेली. येताना आष्टीच्या बाजारातली ताजी भेंडी आणली. मी स्टूल दिलं, चहा केला. म्हणाली, "मला सिस्टर लोकांनी कधी संगं बसवून चहा पाजला न्हाई, काकू." खासगीत फार वाईट वागवतात नव्या पोरींना.

ती असताना छत्री घ्यायला एक बाई आली आणि तिला म्हणाली, "ओ मावशी, ती निळी दाखवा." मोनालीचा चेहरा लालबुंद झाला. "मावशी म्हणायचं न्हाई. दवाखान्यात मावशी म्हंजे आया. मी सिस्टर हाय." एवढी चिडली की बाई छत्री न घेता गेली.

गिऱ्हाईक गेलं, पण मला बरं वाटलं. पेशाचा असा ताठा पाहिजे.

१७ ऑगस्ट

मोनाली दर रविवारी येते आता. तिला शिकायची फार हौस. आज उशी घेऊन इंजेक्शनचे कोन दाखवले. दंडात कसं, कमरेत कसं, शीर कशी चाचपायची. म्हटलं, हे तर तुम्हाला पहिल्या वर्षाला असतं. "आमच्या कॉलेजात कोण नीट शिकवतं, काकू." म्हणून मी सगळं नव्यानं सांगितलं. पेशंटशी बोलायचं कसं तेही. म्हटलं, सुई टोचायच्या आधी नाव घेऊन बोल. विचार, आज जेवण काय केलं. माणूस सांगायला लागला की अंग सैल सोडतो.

कितीतरी वर्षांनी कोणाला शिकवलं. दीपमालाला शिकवायला गेले की म्हणायची, "आई, आता असं नसतं."

हे दुकानात डबा द्यायला येतात तेव्हा तिच्याशी बोलतात. रात्री जेवताना म्हणाले, "ती पोरगी कुठल्या दवाखान्यात हाय?"

"आहे एका."

"मागल्या खेपेला बसस्टँडजवळचा म्हणली, आज मंठा रोडचा म्हणली."

नोकऱ्या बदलतात पोरी. यांना प्रत्येकात बिनतिकिटाचा प्रवासी दिसतो.

२१ सप्टेंबर

दुकान आता चांगलं चालतं. अंबडहून, परतूरहून पोरी येतात. एकमेकींना ओळख देतात, मीही देते. मॅडम आज आत येऊन बसल्या. काचेखालचे बिल्ले निम्मे झालेले पाहिले.

"गेले ते सगळे आपल्याकडंच गेले ना?"

"सभासदाच्या ओळखीनंच दिलेत, मॅडम."

"ओळख म्हंजे काय, प्रभावती?"

मी सुटे पैसे मोजायला घेतले. गिऱ्हाईक होतं समोर. मॅडमनी एक कप विकत घेतला. त्यांना घरी कपांची काय कमी? दुकानावरचा राग गेला असं मी समजले.

१४ ऑक्टोबर

दुपारी मोनालीचा फोन. आवाज धापा टाकल्यासारखा. "काकू, एक विचारायचंय. आमच्या वॉर्डात एका बाईला कोपरापाशी शिरेतून इंजेक्शन दिलं. ती लगेच वरडायला लागली, आग आग म्हून. अन्‌ बोटं पांढरी पडून राह्यली. असं होतं का?"

मी म्हटलं, "शिरेऐवजी धमनीत गेलं असंल. डॉक्टरला सांग. जल्दी. वाट बघायची न्हाई, हात जातो."

"गरम पाण्यानं शेकलं तर?"

"शेकू नको! मोठ्या दवाखान्यात हलवा. कोणी दिलं इंजेक्शन?"

"दुसऱ्या सिस्टरनं," म्हणाली आणि फोन ठेवला.

पोरीनं बराबर ओळखलं. घाबरली पण विचारलं. मी यांना सांगितलं, बघा, अशी असते खरी सिस्टर. यांनी पेपर खाली ठेवला आणि माझ्याकडं बघितलं.

१५ ऑक्टोबर

त्या बाईचं काय झालं विचारायला फोन केला. बंद.

१६ ऑक्टोबर

फोन बंद. ड्यूटीत चार्जिंग राहत नसेल.

१८ ऑक्टोबर

आजचं सगळं क्रमानं लिहिते.

सकाळी दुकान उघडलं तर पायरीवर पोलीस. भागवत जमादार. हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत आमचा एप्रन. खिशावर दिवा. "हा तुमच्याकडचा ना?"

वाटूरला एका घरात इंजेक्शन देऊन गेलेल्या बाईचा हा एप्रन. गडबडीत तिथंच खुंटीला राहिला. पेशंट नंदाबाई, वय पन्नासच्या आत. कंबर दुखते, थकवा आहे म्हणून इंजेक्शन घेतलं. हात काळा पडला. आधी जालन्याला आणलं, तिथून संभाजीनगरला पाठवलं. उजव्या हाताची दोन बोटं काढावी लागली.

"बाईनं नाव सुनीता सांगितलं होतं," जमादार म्हणाले. "त्या नावाची नर्स आजूबाजूला कुठंच न्हाई. हे एप्रन तुम्ही कोणाला देता?"

माझ्या तोंडून निघालं, "कार्ड पाहिल्याशिवाय कोणालाच देत नाही."

का म्हटलं? मी ठरवून म्हटलं नाही. मॅडम आतून आल्या होत्या, जमादार समोर होते, आणि ते वाक्य आपसूक बाहेर पडलं. मॅडमना तर माहीत होतं की नियम बदललाय. त्या आता सांगतील म्हणून मी खाली बघत उभी राहिले. त्या म्हणाल्या, "नियम आम्ही सैल केला होता, जमादार साहेब. पण ही म्हणते कार्ड पाहून दिलं, तर पाहूनच दिलं असंल. प्रभावती खोटं बोलायची न्हाई."

जमादार गेले. मॅडमनी मला पाणी दिलं.

ती मोनाली नाही. तिनं तर वॉर्डातली केस सांगितली होती. नाव पण सुनीता आहे. एप्रन कितीतरी गेले. बिल्कुल योगायोग.

१९ ऑक्टोबर

योगायोग नाही.

पहाटे उठून बसले तेव्हा आपोआप कळलं. कळलं म्हणजे काय, चार दिवस माहीतच होतं. आमच्याकडं पेशंट गेल्यावर नातेवाईक जसे डॉक्टरला पुन्हा नाडी बघा म्हणतात, तसं माझं चाललं होतं.

यांना सांगितलं. म्हणाले, "पोलिसाला सांगून टाक."

"माझं काय होईल?"

"ते मंग बघू."

गेले नाही. दिवाळी तोंडावर आहे, मॅडमची तब्येत ठीक नाही, मंडळाचं नाव पेपरात येईल. आज दिवसभर मी अशी कारणं काढली.

२४ ऑक्टोबर

दीपमाला दिवाळीला येऊन गेली. सांगायला तोंड उघडलं होतं. तिनं माझा बीपी बघितला आणि म्हणाली, "आई, तू दुकान सोड. दगदग होते." दगदग!

नंदाबाईला संभाजीनगरहून परत इथं आणलंय, ड्रेसिंगसाठी. वॉर्डातल्या सिस्टरनं सांगितलं. मी विचारलं नव्हतं.

२७ ऑक्टोबर

आज वॉर्डात गेले. भेटायला आलेय एवढंच म्हटलं. ज्या वॉर्डात मी नोकरी केली तोच. कॉटवर नंदाबाई, हात बांधलेला, उशाशी तिचे मालक बद्रीनाथ. शेतकरी माणूस, डोक्यावर टोपी, मांडीवर डबा. ऐन कापूस वेचायच्या दिवसात दोघं इथं.

मी म्हटलं, "मी इथं सिस्टर होते." बद्रीनाथभाऊंनी लगेच उठून स्टूल पुढं केलं. मला त्या स्टुलावर बसवेना.

"तुम्ही तिला घरात कसं घेतलं?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

"आमच्या उपकेंद्रात सिस्टर न्हाई, ताई. जागा रिकामी हाय. अन्‌ ही एप्रनमधी, छातीला दिव्याचा बिल्ला. मी विचारलं, हे काय? म्हणली, जालन्याच्या मंडळाचा हाय, असातसा भेटत न्हाई. मंग मी आत घेतलं."

नंदाबाई इतका वेळ छताकडं बघत होती. म्हणाली, "मला बिल्ल्याचं काय कळतंय? बोलायला लई गोड होती. सुई लावायच्या आधी म्हणली, नंदाकाकू, आज काय केलं जेवायला? मी सांगून राह्यले, शेपूची भाजी... अन्‌ मंग हाताला आगच लागली."

मी वळले. दाराबाहेर बाकावर बसले. एप्रन गेला, बिल्ला गेला, त्यांचं मी मनाला काहीतरी सांगितलं असतं. पण ते बोलणं माझं होतं.

बद्रीनाथभाऊ मागून आले. "एक हाय ताई. संध्याकाळी तिचाच फोन आल्ता आमच्या मोबाईलवर, आष्टीच्या स्टँडवरल्या कोणाच्या तरी फोनवरून. रडत होती. म्हणली, थांबू नका, जालन्याला न्या, मोठ्या दवाखान्यात. डॉक्टर म्हणले, अजून उशीर झाला असता तर आखा हात गेला असता. आता हिला काय म्हणावं?"

दुपारी मी सांगितलं होतं जल्दी कर. तिनं संध्याकाळी फोन केला. मधले तास ती कुठं होती, काय करत होती? मी मात्र तेवढा वेळ यांना तिचं कौतुक सांगत होते.

३० ऑक्टोबर

मोनाली आली होती. भर दुपारी, गल्लीत चिटपाखरू नसताना. ओढणी तोंडाला गुंडाळलेली. आत येऊन शटर अर्धं ओढलं. मी ओरडले नाही. भीती तिची नव्हती वाटत, माझीच वाटत होती.

"काकू, पोलीस आष्टीला चौकशी करून गेले. नाव न्हाई कळलं अजून."

"तू सिस्टर आहेस का?"

"न्हाई."

"काय आहेस?"

"आया. तीन दवाखान्यात केलं. ट्रे हातात देऊन देऊन सगळं पाठ झालं होतं. परतूरला एका ठिकाणी सहा महिन्यांचा कोर्स बी केला. त्यांनी सर्टिफिकेट दिलं अन्‌ पुढल्या महिन्यात कुलूप लावून पळाले." ती खाली बसली. "गावात लोकं मला हाक मारायचे, काकू. सिस्टर, जरा आमच्याकडं या. लई लोकांना बरं बी वाटलं माझ्या हातानं. तुम्ही मला कधी विचारलंच न्हाई. एकदा जरी नीट विचारलं असतं तर मी सांगितलं असतं."

सांगितलं असतं का? मला माहीत नाही. तिलाही माहीत नसावं.

मग तिनं डोळे पुसले आणि म्हणाली, "मी एक विचार केलाय. तुम्ही म्हणा, एप्रन अन्‌ बिल्ला दुकानातून चोरीला गेल्ता. मी सापडले तर मी बी तेच म्हणन. चोरलं म्हून. मंग तुमच्यावर येणार न्हाई, मंडळावर बी न्हाई."

आज इथं खोटं लिहून उपयोग नाही. मला ते आवडलं. तिनं ते माझ्यासाठी आणलं होतं, जशी भेंडी आणायची तसं. मी गप्प बसले, आणि त्या गप्प बसण्यात जवळजवळ हो म्हटलं होतं. चोरी झाली. दुकानाचं कुलूप जुनं आहेच. मॅडमचं वाक्य खरं राहील.

मग मी विचारलं, "कोणती बोटं गेली, माहीत आहे तुला?"

तिनं नाही म्हणून मान हलवली.

"अंगठ्याजवळची दोन. कापसाचं बोंड त्याच बोटांनी उचलतात. भाकरी त्यांनीच थापतात. चल, आपण दोघी जमादाराकडं जाऊ. मी तुझ्याबरोबर उभी राहते. एप्रन मी दिला हे मी सांगते."

"मला मारतील, काकू."

"मी असेन तिथं."

ती उठून उभी राहिली. मग "तोंड धुऊन येते" म्हणाली आणि मागच्या नळाकडं गेली. पाणी सोडल्याचा आवाज आला. वाहतच राहिलं. मी जाऊन बघितलं तर मागचं दार उघडं.

नळ बंद केला. शटर लावलं. सरळ मॅडमच्या घरी.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. मी म्हटलं, "तुम्ही म्हणाला होता प्रभावती खोटं बोलायची नाही." त्या उठल्या, चपला घातल्या. गुडघ्यामुळं त्यांना वेळ लागतो. मी हात दिला तो त्यांनी झटकला.

"मॅडम, मी एकटी जाते."

"तू एकटी गेलीस तर तुझं लफडं होईल. मी आले तर मंडळाचं होईल. मंडळाचंच हाय ते. हात वर केले तेव्हा मी बाहेर निघून जायाला पाहिजे होतं, नुसती टेबलावर हात ठेवून बसले." रिक्षात बसल्यावर म्हणाल्या, "माझ्याशी आता बोलू नको. मला लई राग आलाय."

जबाब दिला. मोनाली, आष्टीची, आई पिठाच्या गिरणीमागं राहते. एवढं सगळं मला ठाऊक होतं, चहा पिता पिता तिनंच सांगितलेलं.

२ नोव्हेंबर

तिला आईच्या घरून धरलं. ओळख पटवायला मला बोलावलं. बाकावर बसली होती, केस विस्कटलेले. कोणी मारल्यासारखं दिसत नव्हतं. मी दारात दिसले तशी उठून उभी राहिली, वॉर्डात सिस्टर आल्यावर आया उभी राहते तशी.

"हीच का?" जमादारांनी विचारलं.

"हीच."

ती म्हणाली, "जेवलात का काकू?"

मी जेवले नव्हते.

९ नोव्हेंबर

मीटिंग. पेपरात मंडळाचं नाव आलंय. काही जणी रडल्या, काही माझ्यावर ओरडल्या. एक जण म्हणाली, आता गावात गेलं की लोक एप्रनकडं संशयानं बघतात, प्रभावती सिस्टर, तुमच्यामुळं. खरं आहे. मी उभं राहून ऐकलं. दुकान सोडलं. सभासदत्व काढून घ्यायचं का, यावर अजून ठरायचंय. पोलिसांत माझ्यावरही काही होईल किंवा नाही, जमादार सांगत नाहीत.

दुकान बंद करा अशी सूचना आली. सगळ्यांना वाटलं मॅडम पहिला हात वर करतील. त्या म्हणाल्या, "कप विका, छत्र्या विका. एप्रन-बिल्ला पुन्हा माझ्या पेटीत ठेवा. आधी गेलेले सगळे परत मागवा. मी एकेकीला पुन्हा लावीन." मग चष्मा काढून म्हणाल्या, "अन्‌ वाटूरची उपकेंद्राची जागा रिकामी का, ते विचारायला मी उद्या झेडपीत चालले. कोण येतं?"

बऱ्याच जणींनी खाली बघितलं. तिघी जायला तयार झाल्या. मला त्यांनी बोलावलं नाही.

२३ नोव्हेंबर

नंदाबाईला घरी सोडलं. मी बसनं वाटूरला गेले. आता लपवायचं नव्हतं. अंगणातच सांगितलं, ती एप्रन घालून आली तो मी दिला होता, आणि ती तुमच्याशी जे गोड बोलली ते मी शिकवलं होतं.

बद्रीनाथभाऊ उठून गोठ्याकडं निघून गेले. परत आले ते खूप उशिरानं. आले आणि म्हणाले, "तुम्ही जा, ताई. मी आज काही वाईट बोलन."

मी निघाले. फाट्यापर्यंत चालत आले. बस यायची होती. तिथं दोघी-तिघी बायका उभ्या होत्या, गावात एव्हाना बातमी पोचली होती. वाटलं, आता शिव्या देतील. एक म्हातारी पुढं आली. "ती पोरगी खोटी होती, कळलं. पण माझ्या मालकाला रात्री दम लागतो. ती यायची. आता कोणाला बोलवायचं, ते तरी सांगा."

बस आली.

१४ डिसेंबर

जागा भरायला वेळ लागेल असं झेडपीत सांगितलं. मॅडमनी तोवर मंडळातर्फे दर गुरुवारी वाटूरला जायची परवानगी आरोग्य अधिकाऱ्याकडून मिळवली. औषध द्यायचं नाही, सुई लावायची नाही. बीपी, साखर बघायची, जखमा बघायच्या, ज्याला गरज आहे त्याला वेळेत दवाखान्यात पोचवायचं.

आज त्यांचा फोन. "गुरुवारी सकाळच्या मंठा गाडीनं ये. माझा गुडघा दुखतो, पिशवी कोण धरणार?"

एवढंच. यांनी विचारलं, "कोणाचा?" म्हटलं, ड्यूटी लागली.

रात्री दीपमालाला सगळं सांगितलं, पहिल्यापासून. तिनं ऐकलं, मध्ये तोडलं नाही. शेवटी म्हणाली, "आई, इथं आमच्याकडं पण आहे एक मावशी. सगळं पाठ आहे तिला. मी तिचं नाव कधी विचारलं नाही." तिनं फोन मात्र ठेवला नाही.

१८ डिसेंबर

वाटूर. मारुतीच्या देवळाच्या सभामंडपात टेबल मांडलं. आम्ही दोघी एप्रनशिवाय, साध्या साडीत. मॅडम ताठ बसलेल्या. कोणी आलं नाही. पोरं लांबून बघून जायची. ती दम लागणाऱ्या माणसाची म्हातारी सुद्धा कोपऱ्यावर येऊन उभी राहिली आणि तिथंच थांबली.

"येणार नाहीत," मी म्हटलं.

"मंग पुढल्या गुरुवारी येऊ," मॅडम म्हणाल्या.

ऊन खांबापर्यंत आलं तेव्हा समोरच्या गल्लीतून नंदाबाई येताना दिसली. मागं बद्रीनाथभाऊ, मान दुसरीकडं वळवलेली. ती चालत आली ती सरळ टेबलापाशी. उजवा हात पदराखाली होता. मला वाटलं जखम दाखवायला आली, मी कापूस काढला.

तिनं माझ्याकडं बघितलं. चेहऱ्यावर माया नव्हती आणि रागही नव्हता. समोरच्या खुर्चीवर बसली आणि तिचा डावा हात, धड असलेला, टेबलावर पालथा ठेवला.

"बघा," ती म्हणाली. "सगळं गाव बघून राह्यलंय."

मी दंडाला पट्टा बांधला. नेहमीच्या सवयीनं तोंडातून प्रश्न येणार होता, जेवायला काय केलं. तो गिळला. काही न बोलता पंप दाबला, कान लावून ऐकत राहिले. तिची नाडी जोरात चालली होती. माझीही.

मान वर केली तेव्हा म्हातारी कोपरा सोडून आमच्याकडं निघाली होती.